मुलांच्या हातांतील खेळ व आईबापांचा निर्णय

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत धर्मग्रामाच्या फादरांनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत वक्त्यानें चर्चच्या इतिहासावर बोलावें असा संकेत आहे. पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोठून आली, कौलें कोणत्या वादळांत उडालीं, हें सर्व माझ्या आधींच्या वक्त्यांनीं इतक्या उत्तम रीतीनें सांगितलें आहे कीं, त्यांत भर घालावयास मला जागा उरली नाहीं. शिवाय मला ज्याविषयीं बोलावयाचें आहे तें चर्चच्या आंत घडलेलें नाहीं. तें पडवींत घडलें.

नोवेनाचा सातवा दिवस होता. संतांची नामावली चालली होती व आपण सर्व एकेका नामामागून एकमुखानें प्रत्युत्तर देत होतां. इतक्यांत एका नामाच्या व प्रत्युत्तराच्या मधल्या शांततेंत पडवींतून एका कोंवळ्या आवाजांत आरोळी आली: “मार, मार त्याका! मागसून येता तो!” मागच्या बांकांवर हंशा पिकला. खरें सांगावयाचें तर मलाहि हंसूं आलें, आणि वेदीकडे तोंड होतें म्हणून तें लपलें. मिस्सा संपल्यावर पाहतों तों पांच मुलें भिंतीला टेकून, माना खालीं घालून बसलेलीं. तीं कोणाचीं मुलें, हें मी सांगत नाहीं. तीं आपलीं मुलें.

त्या रात्रीं आपल्यापैकीं बरेच जण मला भेटले. कोणी म्हणालें, तो खेळ सरकारनें कायमचा बंद करावा. कोणी म्हणालें, फादर, सगळ्याच गांवांत हें चाललें आहे, पोरें मोठीं झालीं कीं आपोआप सुटेल. दोन्ही पक्षांच्या मंडळींस मीं एकच प्रश्न विचारला: तो खेळ आपण पाहिला आहे काय? एकानेंहि पाहिलेला नव्हता. तेव्हां प्रथम, तो आहे तरी काय, हें मी सांगतों. मीं तो एका वेदीसेवकास शेजारीं बसवून दोन सायंकाळीं पाहिला, आणि थोडासा खेळलोंहि. माझ्या हातीं बंदूक येण्यापूर्वींच मी मेलों, हें मोकळेपणानें कबूल करतों.

पब्जी हें नांव आपणां सर्वांच्या कानांवर आहे. आयर्लंडमधील ब्रेंडन ग्रीन नांवाच्या गृहस्थानें कल्पिलेला हा खेळ दक्षिण कोरियांतील एका कंपनीनें २०१७ सालीं बाजारांत आणला आणि २०१८ सालीं तो मोबाइलवर आला. शंभर माणसें विमानांतून छत्रीच्या साह्यानें एका बेटावर उतरतात. उतरतांना हातांत कांहीं नसतें. ओस पडलेल्या घरांतून बंदुका, काडतुसें व औषधें शोधावयाचीं आणि दिसेल त्या परक्यास ठार करावयाचें. भोंवतालचें वर्तुळ हळूहळू आवळत येतें. जो बाहेर राहील त्याचें आयुष्य झिजत जातें, म्हणून सर्वांस एकमेकांच्या जवळ यावेंच लागतें. शेवटीं एक माणूस अगर चौघांची एक तुकडी उरते, ती विजयी. एका डावास सुमारें अर्धा तास लागतो. तुकडींतील सोबती शेजारच्या वाडींतला असूं शकतो, तसाच तो दिल्लीचा कोणी अनोळखी इसमहि असूं शकतो, आणि हे सर्व जण खेळतांना एकमेकांशीं बोलत असतात. यांतील प्रत्येक गोष्टीचें महत्त्व पुढें दिसेल.

आतां सरकारनें बंदी करावी म्हणणारांविषयीं. बंदी झालीच नाहीं असें नाहीं. २०१९ च्या जानेवारींत मुंबईच्या एका ११ वर्षांच्या मुलानें आपल्या आईच्या मार्फत उच्च न्यायालयांत अर्ज केला कीं, हा खेळ हिंसा शिकवितो, सबब तो बंद करावा. पुढच्याच महिन्यांत आपल्या शेजारच्या गोव्याचे त्या वेळचे माहिती-तंत्रज्ञानमंत्री रोहन खंवटे यांनीं या खेळास घराघरांत शिरलेल्या राक्षसाची उपमा दिली. मार्चमध्यें गुजरातेंत राजकोट येथें मनाईहुकूम निघाला व खेळणाऱ्या कांहीं तरुणांस अटकहि झाली. शेवटीं २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्रसरकारनें जीं ११८ अॅपें बंद केलीं त्यांत तोहि होता. परंतु ती बंदी देशाच्या सुरक्षिततेसाठीं होती, आपल्या मुलांच्या मनासाठीं नव्हे. जुलै २०२१ मध्यें तोच खेळ भारताच्या नांवाचें नवें लेबल लावून परत आला, जुलै २०२२ मध्यें पुन्हां काढला गेला, आणि मे २०२३ मध्यें अटींवर परत आला. फ्री फायर नांवाचा तसाच दुसरा खेळ फेब्रुवारी २०२२ मध्यें बंद झाला, तर त्याचीच दुसरी आवृत्ति मुलांच्या हातीं राहिली. २०२५ सालीं पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा झाला, त्यांतहि हा खेळ मोडत नाहीं. सरकारनें दार कितीदां लावलें व कितीदां उघडलें तें पाहा. त्या दाराच्या भरंवशावर आपल्या घरचें दार कोणीं उघडें टाकूं नये.

त्या २०२३ सालच्या अटींतील एक अट अशी कीं, १८ वर्षांखालील मुलास दिवसांतून तीन तास खेळतां यावें. तीन तास! चीनच्या सरकारनें २०२१ सालीं मुलांस आठवड्यांतून तीन तास ठरवून दिले. शुक्रवार, शनिवार व रविवार, रात्रीं आठ ते नऊ. चीनच्या राज्यपद्धतीचा मी चाहता नव्हें. पण आपल्या मुलाचे रोजचे तीन तास कोणा कंपनीनें व कोणा कचेरीनें ठरवावे, आणि त्याच्या आईला ते ठाऊकहि नसावे, हें मला बरें वाटत नाहीं.

या खेळानें मुलें खुनी होतात काय? असें प्रवचनांत बोलण्याची चूक मीं स्वतः एकदां केली आहे. आज ती परत घेतों. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं २०१९ सालीं १४-१५ वर्षांच्या सुमारें १००० ब्रिटिश मुलांची व त्यांच्या पालकांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत असे खेळ व मुलांचा आक्रमकपणा यांचा संबंध आढळला नाहीं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघानें २०२० सालीं आपलें मत असें दिलें कीं, ओरडणें, ढकलणें अशा वागण्याशीं या खेळांचा थोडा संबंध दिसतो, परंतु खऱ्याखुऱ्या हिंसेचें खापर त्यांवर फोडण्यापुरता पुरावा नाहीं. विद्वानांतच एकमत नाहीं. मग मीं मुलांस भिववावयाचें कशास? मुलें हुशार असतात. आपण एक गोष्ट वाढवून सांगितली कीं, तीं आपल्या दहा खऱ्या गोष्टींवरील विश्वास काढून घेतात. अति खेळण्याची गोष्ट मात्र वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२२ पासून तो एक विकार म्हणून आपल्या यादींत घातला आहे, आणि बंगलोरच्या निम्हान्स संस्थेंत त्यासाठीं २०१४ पासून स्वतंत्र दवाखाना चालतो.

शिवाय मारामारी पाहिली कीं मूल बिघडतें म्हणावें, तर आपण सर्वच बिघडलेले असावयास पाहिजे. लहानपणीं शेजारच्या गांवच्या जत्रेंत गर्दीच्या मागें उभा राहून मीं दशावतार पाहिलेला आहे. संकासुर आला कीं आम्ही पोरें एकमेकांच्या पाठीमागें लपत असूं, आणि रात्रभर लांकडी तलवारी खणखणत. आपलें पवित्र शास्त्र उघडा: चौथ्याच अध्यायांत भावानें भावाचा खून केलेला आहे. दाविदानें गल्याथाचें मस्तक छाटलें, ही कथा धर्मशिक्षणाच्या वर्गांत मीं स्वतः किती रंगवून सांगितली असेल!

मग फरक कोठें आहे? मला तो एका लहानशा गोष्टींत सांपडला. भारतांतील आवृत्तींत त्या खेळांतल्या रक्ताचा रंग हिरवा केलेला आहे. लाल रक्त मुलांनीं पाहूं नये, हा हेतु. गोळी लागली कीं हिरवा शिंतोडा उडतो; माणूस पडतो; क्षणांत तो नाहींसा होतो व त्याच्या जागीं एक पेटी उरते. जिंकणारा धांवत जाऊन ती पेटी उघडतो व मेलेल्याच्या बंदुका, औषधें, काडतुसें काढून घेतो. प्रेत नाहीं, आई नाहीं, मर्तिकाची घंटा नाहीं. हाबेलाच्या रक्तानें भूमींतून देवास हाक मारली असें शास्त्र सांगतें. हिरवें रक्त कोणास हाक मारणार? आपल्या गांवांत मरणाची घंटा वाजली कीं, रापणीवरचा माणूस दोर हातांत असतांहि क्षणभर थांबतो आणि विचारतो, कोण गेलें? तो हिंदु असो, ख्रिस्ती असो, थांबतो खरा. मुलगा उद्यां कोणाला मारील अशी मला भीति नाहीं. रोज वीस मरणें पाहून एकदांहि ‘कोण गेलें’ असें विचारावयाचें नाहीं, या संवयीची मला भीति आहे. मला तर वाटतें कीं, रक्त लालच ठेवलें असतें तर बरें. निदान एखाद्या आईचें लक्ष तरी गेलें असतें.

या संवयीला गोडी असते. संत आगुस्तिन यांनीं आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागांत आलिपियुस नांवाच्या मित्राची हकीकत दिली आहे. हा तरुण कायदा शिकावयास रोम शहरीं गेला. माणसामाणसांच्या झुंजींचा त्यास मनापासून तिटकारा. मित्रांनीं त्यास ओढून रंगणांत नेलें, तेव्हां तो डोळे घट्ट मिटून बसला. मध्येंच लोकांची प्रचंड आरोळी उठली व कुतूहलानें त्याचे डोळे उघडले. रंगणांत जो पडला होता त्याच्यापेक्षांहि मोठी जखम त्या क्षणीं आलिपियुसास झाली, असें आगुस्तिनांचें म्हणणें. पुढें तो स्वतः इतरांस घेऊन तेथें जाऊं लागला. हाच आलिपियुस नंतर बिशप झाला, हेंहि सांगितलें पाहिजे. आज पडवींत बसलेल्या मुलांविषयीं निराश होण्याचें कारण नाहीं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं २००७ सालच्या आपल्या संदेशांत, करमणुकीच्या नांवाखालीं हिंसेचा गौरव करणाऱ्या खेळांस विकृति म्हटलें, तें याच गोडीला उद्देशून असावें असें मी समजतों.

आतां मी आपणांस माझीच एक चूक सांगणार आहें. कुमसारांत ऐकलेला एक शब्दहि माझ्या तोंडून निघणार नाहीं, हें आपण जाणतां. ही गोष्ट पडवींत व ओसरीवर घडली, आणि त्या कुटुंबाची परवानगी घेऊन सांगतों. तीन वर्षांपूर्वीं एक आई माझ्याकडे आली. नवरा बोटीवर, घरांत ती, म्हातारी सासू व तेरा वर्षांचा मुलगा. ती म्हणाली, “फादर, तुमीच त्याका सांगा. माजा तो आयकणा नाय.” मुलगा वेदीसेवक, माझ्या शब्दांतला. मीं त्यास बोलाविलें, फोन मागून घेतला, सॅक्रिस्टींतील कपाटांत ठेवला, कुलूप लावलें आणि किल्ली झग्याच्या खिशांत टाकली. एका घराचा प्रश्न मीं सोडविला, अशा समाधानांत त्या रात्रीं मला उत्तम झोंप लागली.

दुसऱ्या रविवारपासून मुलगा मिस्सेला सेवा करावयास येईनासा झाला. खेळ थांबला नाहीं. तो एका मित्राच्या घरीं, माडांच्या मागें चालूं लागला. पण खरी गोष्ट मला पुढें आठवड्यानें कळली. आईजवळ बटणांचा साधा फोन होता. बाप दर रविवारीं रात्रीं बोटीवरून ज्या फोनवर आपल्या मुलाचें तोंड पाहत असे, तोच फोन मीं कपाटांत घातला होता. दोन रविवार तो माणूस समुद्रावरून फोन करीत राहिला, आणि ती घंटी माझ्या कपाटांत, मेणबत्त्यांच्या खोक्यांत वाजत होती कीं फोन तोंवर मरून गेला होता, देव जाणे. शेवटीं त्यानें मला फोन केला. रागावला नाहीं. येवढेंच म्हणाला, “फादर, माका इचारूक होया होतां.”

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आपल्या ख्रिस्तसभेची शिकवणहि तीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें डिसेंबर १९६३ च्या आपल्या पत्रकांत असल्या साधनांविषयीं सावध राहण्याचें गंभीर कर्तव्य आईबापांचें म्हणून सांगितलें, आणि १९६५ सालीं शिक्षणावरील पत्रकांत मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक आईबाप होत असें लिहिलें. सेमिनरींत मीं हें पाठ केलें होतें, परीक्षेंत चांगले गुणहि मिळविले होते. तरी वेळ आली तेव्हां बापाची जागा मीच घेऊन बसलों. आणि आपणहि, माझ्या भगिनींनो, ती मला फार सहज देतां.

मीं फोन परत केला. एप्रिलांत बोटीवरील मुदत संपून बाप घरीं आला. मला वाटलें, आतां तो पोराला चांगला चोपणार. त्यानें ओसरीवर मुलाशेजारीं बसून म्हटलें, “तुजो खेळ माका शिकव.” आठ दिवस तो खेळला. प्रत्येक डावांत पहिल्या पांच मिनिटांत मेला. मुलाचें हंसणें रस्त्यापलीकडे मला ऐकूं येत होतें, आणि वर्षभरांत तें तसें मीं ऐकलें नव्हतें. सहाव्या दिवशीं कानांतली नळी बापाच्या कानांत होती. कोणी मोठा पुरुष, अनोळखी, हिंदींत शिव्या देत मुलाला त्याच्या खेळांतल्या नांवानें हाक मारीत होता, आणि मधेंच विचारीत होता: तूं राहतोस कोठें, घरांत आणखी कोण असतें? बाप त्या वेळीं कांहीं बोलला नाहीं. त्या रात्रीं नवराबायको दोघें बसलीं व ठरविलें: सोळा वर्षें पुरीं होईपर्यंत हा खेळ नाहीं. सकाळीं त्यानें मुलाला कारणें सांगितलीं. त्या परक्या आवाजाचें एक. दुसरें कारण त्यानें ज्या शब्दांत सांगितलें ते मी विसरूं शकत नाहीं: “बोटीर माणूस मेलो काय घराक पेटी येता खरी, पण ती उघडूक आवशीचो हात जाणा नाय.”

मुलानें हें आनंदानें मानलें असें सांगेन तर तें खोटें ठरेल. तो चार दिवस जेवतांना बोलला नाहीं. पुढें दोनदां मित्राकडे खेळतांना सांपडला. पण आतां रविवारच्या फोनवर तो त्याच विषयावर बापाशीं तास तास भांडतो, असें त्याची आई सांगते. सेवेला तो पुन्हां येऊं लागला; तें माझ्यामुळें नव्हे.

दुसऱ्या एका घरीं निराळें ठरलें आहे. तेथील सतरा वर्षांचा मुलगा शनिवारीं एक तास खेळतो, थोरली बहीण त्याच्याच तुकडींत असते व अनोळखी आवाज बंद ठेवलेले असतात. आईबापांनीं बसून, पाहून, ठरविलें आहे. मला त्यांत बोलावयास जागा दिसत नाहीं. माझें मत विचाराल तर चौदा वर्षांखालील मुलाच्या हातीं बंदुकीचा कोणताहि खेळ देऊं नये, आणि परक्यांशीं बोलत खेळावयाचा खेळ सोळांच्या आधीं देऊं नये. हें एका धर्मगुरूचें मत आहे, धर्माज्ञा नव्हे. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप लिओ चौदावे यांनीं संत म्हणून जाहीर केलेल्या कार्लो आकुतिस या मुलास असे यंत्रावरचे खेळ मनापासून आवडत. त्यानें स्वतःस आठवड्यांतून एक तास घालून दिला होता. ख्रिस्तसभेनें त्या एका तासाबद्दल त्याची वेदी अडविली नाहीं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. आपण जपमाळेसाठीं मुलास हाक मारतां, तो उठत नाहीं, आपण फोन हिसकावतां, आणि मग प्रार्थनेच्या जागीं रडारड होते. माझा वेदीसेवक मला म्हणाला होता, “मधीच सोडूक जमणा नाय, फादर. तिगां माज्याबरोबर आसत.” मला ती सबब वाटली होती. ती सबब नव्हे. डाव मध्येंच थांबवितां येत नाहीं, आणि उठला तर तिघां सोबत्यांचा घात होतो. सोबत्यांस सोडूं नये, हा त्याच्यांतला गुण आहे. तो मोडूं नका. आंजेलुसच्या घंटेपूर्वीं अर्धा तास सांगा: हा डाव संपला कीं नवा नाहीं. फोन रात्रीं आईच्या उशाशीं असावा, त्याच्या उशाशीं नको. आणि प्रवचनाच्या वेळीं मागच्या बांकांवर ज्या वडील मंडळींच्या चेहऱ्यांवर खालून निळा उजेड पडतो, त्यांनीं निदान पडवींतल्या मुलांस रागावूं नये. वेदीवरून तो चांगला दिसतो.

ज्यांचे यजमान बोटीवर, आखातांत अगर मुंबईस आहेत, अशा भगिनींस माझी खास विनंति आहे. हा निर्णय एकटीनें घेणें कठीण, हें मी जाणतों. तो माझ्यावर टाकूं नका, फोनवरून का होईना, मुलाच्या बापास त्यांत घ्या. खेळ कसा असतो तो पाहण्याची ज्यांस लाज वाटते, त्यांनीं येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्यें मुलांस बरोबर घेऊन यावें. मुलें शिकवितील, आपण शिकूं. पहिल्या डावांत प्रथम कोण मरणार, हें ठरलेलेंच आहे. झग्यांत धांवतां येत नाहीं.

लादिनीची वेळ होत आली.